माझ्या डाव्या हाताकडून, ताईला

प्रिय ताई,

परवाच्या बास्केटबॉलच्या सामन्यात शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि चेंडू माझ्याकडे होता. समोरच्या मुलीने माझी उजवी बाजू पार बंद केली होती. मी डावीकडून निघाले, तिला मागे टाकलं आणि पास दिला. बास्केट मैत्रिणीने केली. बघणाऱ्यांना त्यात विशेष काही दिसलं नसेल, पण तुला दिसलं असतं. तू आमच्या संघाची प्रशिक्षक नव्हतीस. स्वतःचा सराव संपल्यावर माझ्यासाठी थांबायचीस. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानायचे आहेत.

पहिला दिवस आठवतो? तू बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होतीस. माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "आत्ता डावा हात लावलास ना?" उजव्याचे टप्पे एका लयीत पडत होते, डाव्याला मात्र चापट मारल्यासारखा आवाज येत होता. मी तळव्याने चेंडू बडवत होते. त्याआधी मला एकच सल्ला मिळाला होता: डावीकडे चेंडू आला की लगेच पास दे. हा हात सुधारू शकतो, असं तुझ्याआधी कुणीच म्हणालं नव्हतं.

बोटं पसरायची, चेंडू पेरांवर घ्यायचा, तळवा मोकळा ठेवायचा, गुडघ्यांत वाकायचं. आणि जोरात. मला वाटायचं, हळू टप्पा म्हणजे ताबा. तू समजावलंस की हळू टाकलेला चेंडू हातात परत यायला वेळ लावतो, आणि तेवढ्या वेळात समोरची हात घालते. मग रोज एका जागी उभं राहून पाउंड ड्रिबल, म्हणजे चेंडूचे जोरजोरात टप्पे: 30 सेकंद घोट्याएवढं, 30 गुडघ्याएवढं, 30 कमरेएवढं. आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? पण तू समोर उभी राहून बोटं दाखवायचीस आणि मला आकडा मोठ्याने सांगावा लागायचा, त्यामुळे मान आपोआप वर राहायला लागली.

सगळ्यात जास्त दिलं ते दोन चेंडूंच्या सरावाने. आधी दोन्ही एकदम, मग एकाआड एक, मग एक उंच आणि एक खाली. उजवा स्वतःच्या चेंडूत अडकलेला, त्यामुळे तो डाव्याच्या मदतीला धावू शकत नव्हता. चेंडू सतत निसटायचे, मैदानभर पळायचे. मी ओशाळून ते गोळा करायचे. तू म्हणायचीस, "एकदाही सुटला नाही तर समज, तू हळू खेळतेयस." त्यानंतर मी चेंडू सुटायला घाबरले नाही. नंतर टेनिसचा चेंडू आला: डाव्याने ड्रिबल, उजव्याने तो वर उडवून झेलायचा. खाली बघायची सोयच उरली नाही.

क्रॉसओव्हर, म्हणजे चेंडू झटकन एका हातातून दुसऱ्या हाताकडे नेणं, मी नुसत्या हातांनी करायचे, त्यामुळे कुणीच फसायचं नाही. 1997 साली अमेरिकी बास्केटबॉलपटू ॲलन आयव्हर्सनने मायकेल जॉर्डनला चकवलं, ते दृश्य तू थांबवून थांबवून दाखवलंस. आधी एक छोटा क्रॉसओव्हर, जॉर्डन हलला, मग मोठा. "चेंडू नको बघूस, त्याचे पाय आणि खांदे बघ." तेव्हापासून मी खांद्याने खोटं बोलायला शिकले, आणि चेंडू गुडघ्याच्या खालून न्यायला.

एका सामन्यात ड्रिबल करताना माझा हात दोनदा चेंडूच्या खाली गेला, म्हणजे नियमभंग. दोन्ही वेळा शिट्टी वाजली, चेंडू त्यांना गेला आणि मी रडले. तू शेजारी बसून सांगितलंस की 1891 च्या मूळ 13 नियमांत ड्रिबल नव्हतंच. चेंडू घेऊन पळायला बंदी, जिथे पकडला तिथूनच फेकायचा. मग कोंडीत सापडलेल्या खेळाडूंनी चेंडू स्वतःसमोर टाकून परत पकडायला सुरुवात केली. "तुझ्यासारखेच अडकले होते ते," एवढं म्हणालीस आणि चेंडू माझ्या डाव्या हातात दिलास. त्या संध्याकाळचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

पाठीमागून चेंडू काढताना, डावीकडून उजवीकडे, एक टप्पा अजून पोकळ वाजतो. मला ऐकू येतो, पण नेमकं काय चुकतंय ते सापडत नाही. एकदा ये. बाकावर बसून नुसतं ऐक.

तुझी,
डावरी झालेली उजवी