चंद्र बघायला बाहेर गेलेल्या त्या मावशींना

पबवाल्या मावशी, तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये. पण हे मराठीतच लिहितोय, कारण आईला वाचून दाखवायचंय, आणि पुढच्या वेळी आलो की तुम्हाला इंग्लिशमध्ये सांगेन.

सप्टेंबरात आईबाबा रत्नागिरीहून माझ्याकडे आयर्लंडला, लिमरिकला आले होते, म्हटलं चला, शेजारची क्लेअर काउंटी फिरवूया. क्लिफ्स ऑफ मोहरचे समुद्रकडे वगैरे झालंच, पण आमच्या घरात फिरणं म्हणजे खाणं. किल्कीला बाबांनी कागदी पिशवीतून पेरीविंकल घेतले, म्हणजे समुद्रातल्या बारक्या गोगलगायी, टाचणीने ओढून खायच्या. शेजारी डिलिस्क नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ होतं, ते चघळून बाबा म्हणाले, मीठ जरा जास्त झालंय. आईने दोन दिवस सीफूड चावडर ओरपलं, इनाघ गावचं शेळीच्या दुधाचं सेंट टोला चीज डब्यात भरून घेतलं. सगळं मस्त चाललं होतं आणि तिसऱ्या दिवशी आली संकष्टी.

आता आई एरवी मासे खाणारी, पण संकष्टीला कांदा-लसूण पण नाही. दिवसभर उपास, रात्री चंद्र बघून जेवायचं. मला काही टेन्शन नव्हतं, अख्खा देश बटाट्याचा, उपासाला अजून काय लागतं? दुपारी एका मोठ्या, चकाचक हॉटेलात गेलो (नाव घेत नाही, घ्यायची लायकी पण नाही). नुसता उकडलेला बटाटा द्या म्हटलं तर वेटर म्हणे मेन्यूवर नाही. मग मॅश आणला, त्यात कांद्याची पात. परत सांगितलं तर म्हणे पात बाजूला काढा ना. मॅश केलेल्या बटाट्यातून पात कशी बाजूला काढायची हे त्याने करून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. आई म्हणाली जाऊदे, आणि पाणी पिऊन उठली. बिल मात्र पूर्ण लावलं त्यांनी.

संध्याकाळी लिसडूनवार्ना गावाच्या अलीकडे तुमच्या पबवर आलो, वर खोली घेतली होती. मी घाबरत घाबरतच सांगितलं की असं असं आहे, आई चंद्र उगवल्यावर जेवेल, आणि फोन सांगतोय नऊ वाजून दहा मिनिटं. तुमच्या दारावर पाटी होती किचन नऊला बंद. तुम्ही पाटीकडे बघितलंत, आईकडे बघितलंत आणि विचारलंत, चंद्र कुठल्या बाजूने येतो?

काय चालेल आणि काय नाही एवढंच विचारलंत, का ते एकदाही नाही. कोबी तुमच्याकडे बेकनच्याच पाण्यात शिजवतात ना, तो तसाच ठेवून आईसाठी दुसरा कोबी वेगळ्या पातेल्यात टाकलात. ॲपल टार्टला वरून अंड्याचा हात असतो, एक छोटं टार्ट तसं न लावता भाजलंत.

नऊ वाजले, नऊ वाजून दहा मिनिटं झाली, आभाळ भरलेलं. आईला सांगत होतो की वेळ झाली, देवाला कळतं, जेव आता, ती ऐकेना. बाबा तोवर बारवरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी गप्पा मारत होते. तो सांगत होता की इथे बरेनमध्ये, म्हणजे या चुनखडीच्या टेकड्यांच्या भागात, गुरं हिवाळ्यात डोंगरावर नेतात, सगळीकडच्या उलट, कारण चुनखडीचा दगड उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो आणि वर जमीन कोरडी राहते. बाबा नुसते खूश. आणि तुम्ही? बार सोडून, डोक्यावर कार्डिगन घेऊन मागच्या दाराने बाहेर. परत आलात, मान हलवलीत, गिनेस बिअरचा एक ग्लास भरलात आणि परत बाहेर. असं चार वेळा तरी. ज्या चंद्राशी तुमचं काही घेणंदेणं नाही तो आला का हे बघायला, त्या वाऱ्यात.

पावणेदहाला आत येऊन थेट आईचा हात धरलात. मागच्या अंगणातला मोठा दिवा तुम्ही आधीच बंद केला होता, तो पण कुणी न सांगता. अंधारात त्या उघड्या दगडी टेकड्यांवर ढगाच्या फटीतून पिवळट, एका बाजूने झिजलेला चंद्र. आईने कपातल्या पाण्याने अर्घ्य दिलं, दूर्वा नव्हत्या तर तुम्ही भिंतीकडेचं गवत उपटून दिलंत. आई रडली. मी पण, पण अंधार होता.

मग ते ताट! सालीसकट उकडलेले, फुटून पीठ पीठ झालेले बटाटे, वर लोण्याचा गोळा, कोबी, आणि ताक-सोडा घातलेला गरम ब्राऊन ब्रेड, वर क्रॉसची चीर दिलेला. पऱ्या बाहेर पडाव्यात म्हणून चीर देतात म्हणालात, हे आईला लगेच पटलं.

त्या चकाचक हॉटेलात सहा जणांचा स्टाफ होता हो. तुम्ही एकट्या.

आई आता रत्नागिरीला तो ब्रेड करून बघतेय. तीनदा केला, तिन्ही वेळा मधे कच्चा राहिला. विचारतेय, आमचं ताक पातळ असतं म्हणून होतंय का, की चीर अजून खोल द्यायची?