टँकरवाले दादा आणि प्लंबरकाका, मनापासून आभार

गोल्फ मैदानावरच्या ग्रीनला (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला) मुळांना हवा मिळावी म्हणून भोकं पाडून वाळू भरलेली आणि नेमकी त्याच रात्री पाण्याची ११० मिमीची मेन लाइन एल्बोपाशी, म्हणजे पाइपच्या वळणाच्या जोडापाशी, फुटली. पुण्याच्या डिसेंबरात बर्म्युडा गवत आधीच सुस्त, त्यात भोकांमुळे मुळं लवकर सुकतात. दादा पहाटेच आले. टँकर रस्त्यावरच उभा करून लांब पाइप ओढत नेला. ग्रीनवर चाक नाही की वाळू वाहून जाईल असा जोर नाही, नुसता बारीक फवारा. काकांनी पाइप कोरडा पुसला, कड कानशीने घासली, पाइप चिकटवायचं सोल्युशन लावून नवा एल्बो पाव फेरा फिरवत बसवला. दुसऱ्या सकाळपर्यंत व्हॉल्व्हला कुणाला हात लावू दिला नाही. दाबाच्या धक्क्याने सांधा सरकू नये म्हणून एल्बोमागे काँक्रीटचा ठोकळाही घातला. हिशेबात तो धरलाच नाही!