जपानी ड्रामाला पण थोडी जागा द्या की!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या मनोरंजन पुरवणीत जपान आलं की ते ॲनिमेच (तिकडची कार्टून) असतं आणि आशियातल्या मालिका म्हटलं की कोरियाच, हे मी बरेच दिवस बघतेय. कोरियन सिरीयलींवर पानंच्या पानं येतात, हिरोच्या स्किन केअरपर्यंत सगळं येतं, येऊ दे, मी पण त्या आवडीने बघते, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाहीये. पण जपानमध्ये हाडामांसाच्या नटांच्या इतक्या भारी मालिका इतकी वर्षं बनतायत आणि त्यांच्यावर एक ओळ पण नाही, म्हणून शेवटी हे पत्र. लांब वाटलं तर बिनधास्त कापा, फक्त लिंबाचा भाग कापू नका, तो पुढे येईल.

खरं तर तुमच्या वाचकांनी जपानी कथा बघितलेल्या असतातच, त्यांना पत्ता नसतो एवढंच. २००९ ची कोरियन ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’ सगळ्यांना तोंडपाठ, पण ती गोष्ट मुळात योको कामियो यांच्या जपानी मांगाची (म्हणजे चित्रकथेची), तैवानने ती २००१ मध्ये केली, जपानने २००५ मध्ये ‘हाना योरी दांगो’ नावाने केली आणि कोरियाचा नंबर त्यानंतर लागला. तुर्की मालिका बघून रुमाल भिजवणाऱ्यांची तर अजूनच गंमत आहे. ‘आन्ने’ आणि ‘कादिन’ या दोन्ही तिकडच्या गाजलेल्या मालिका जपानच्या निप्पॉन टीव्हीवरून उचललेल्या (रीतसर हक्क घेऊन हां), ‘मदर’ २०१० ची आणि ‘वुमन’ २०१३ ची, आणि दोन्ही मूळ मालिका एकाच माणसाने लिहिलेल्या, युजी साकामोतो. जपानी ‘मदर’ अकरा भागांत आटपते. तुर्कीत तीच गोष्ट दोन-दोन तासांच्या भागांत ताणलीये, आणि मूळ बघितल्यावर ते ताणलेलं फार जाणवतं.

यातच माझी आवड आली. जपानी ड्रामा संपतो. हसू नका, ही केवढी मोठी गोष्ट आहे ते सिरीयल बघणाऱ्यालाच कळेल. तिकडे टीव्हीचं वर्ष चार हंगामांत वाटलेलं असतं, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, प्रत्येक हंगामात नवीन मालिका लागतात, आठवड्याला एक भाग, जाहिराती धरून तासाभराचा, आणि दहा-अकरा भाग झाले की खेळ खलास. लोकांनी डोक्यावर घेतली तरी खलास, फार तर शेवटचा भाग दहा-पंधरा मिनिटं वाढवून देतात. त्यामुळे मेलेला माणूस परत येत नाही, नट बदलला म्हणून प्लास्टिक सर्जरी झाली असं सांगावं लागत नाही, आणि आठवडाभर नुसती मेंदीच चाललीये असं होत नाही. टीबीएस चॅनलची ‘हानझावा नाओकी’ घ्या, २०१३ ची, शेवटच्या भागाला टोकियो भागात ४२.२ टक्के रेटिंग मिळालं, म्हणजे धो धो, आणि तरी दहाव्या भागात ठप्प. तेही कसं, तर हिरो सगळी लढाई जिंकतो, आता प्रमोशन मिळणार असं त्यालाही वाटतं आणि आपल्यालाही, आणि त्याच्या हातात पडते दुसऱ्या कंपनीत बदलीची ऑर्डर. कॅमेरा त्याच्या तोंडावर, संपलं. पुढचा सीझन आला २०२० मध्ये. सात वर्षं लोक थांबले!

बरं, ही मालिका कशाबद्दल आहे तर बँकेतल्या कर्जखात्याबद्दल. खरंच. पन्नास कोटी येनचं कर्ज बुडतं, ब्रँच मॅनेजर ते सरळ खालच्या माणसाच्या अंगावर ढकलतो आणि तो खालचा माणूस म्हणजे हानझावा एकेक कागद शोधून सगळ्यांचा हिशेब चुकता करतो, यात ना बंदूक ना पाठलाग, फाइली आणि मीटिंगा, आणि मासातो साकाईचा तो चेहरा. तरी खुर्चीच्या कडेवर बसून बघतो आपण. जपानी ड्रामाचं मला वाटतं हेच मर्म आहे, तिथे माणसाला नोकरी असते आणि ती नोकरी खरी असते. बाकीकडे हिरो ‘बिझनेसमन’ असतो, पण धंदा कसला ते शेवटपर्यंत कळत नाही. अकिको नोगी यांनी लिहिलेल्या ‘अन्नॅचरल’मध्ये (२०१८) संशयास्पद मृत्यूंचं शवविच्छेदन करणारी एक लॅब आहे आणि पूर्ण मालिकाभर ते लोक तेच काम करतात, नमुने, रिपोर्ट, कोर्टात साक्ष, आणि मध्ये मध्ये डॉक्टर बाई भरपेट जेवते कारण काम केलं की भूक लागते.

भूक म्हटल्यावर ‘कोदोकु नो गुरुमे’ आलीच. टीव्ही टोकियोवर २०१२ पासून रात्री उशिरा लागते, २०२२ पर्यंत दहा सीझन झालेत. कथा काय? काही नाही. गोरो नावाचा एक मध्यमवयीन माणूस, परदेशी वस्तूंचा छोटा व्यापारी, एकटा जीव, एखाद्या गिऱ्हाइकाला भेटायला टोकियोच्या एखाद्या भागात जातो, काम उरकतं, रस्त्यात एकदम थबकतो कारण पोटात कावळे ओरडतात, कॅमेरा टप्प्याटप्प्याने मागे मागे जातो, मग तो हॉटेल शोधतो आणि जेवतो. बस्स. दारू पीत नाही, त्यामुळे बारसारख्या ठिकाणी पण चहाच मागवतो, आणि मनातल्या मनात बोलत राहतो, हे मागवलं तर ते जास्त होईल का, शेजारच्या टेबलवर काय आलंय, आपण चुकलो की काय. युताका मात्सुशिगे हा उंच, किडकिडीत नट हे सगळं नुसत्या भुवयांवर करतो. आणि हॉटेलं खरी असतात, भाग संपल्यावर मूळ मांगाचे लेखक मासायुकी कुसुमी स्वतः तिथे जाऊन जेवून येतात. मी लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात यात बघायचं काय, आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही, लावून द्यावं लागतं. थकून भागून आलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं औषध नाही एवढं नक्की.

याची चुलत बहीण म्हणजे ‘शिन्या शोकुदो’, रात्री बारा ते सकाळी सातपर्यंत उघडी असणारी खाणावळ. मेन्यूवर डुकराच्या मटणाच्या सूपचं एकच जेवण, बाकी जे मागाल ते सामान असेल तर मालक करून देतो. पहिल्याच भागात एक गुंड येतो, काळा चष्मा, तोंड वाकडं, आणि रोज मागवतो काय तर लहान मुलांच्या डब्यात असतात तशी ऑक्टोपसच्या आकारात कापलेली लाल सॉसेज. कोणी हसत नाही. शेजारी बसलेला गे बारचा मालक गोड अंड्याची वळी खात असतो, आणि हळूहळू दोघं एकमेकांना आपल्या बशीतलं द्यायला लागतात. एवढ्यात दोन माणसांची मैत्री दाखवून मोकळे!

आता लिंबू. ‘क्वार्टेट’, २०१७, परत साकामोतोच. वाद्य वाजवणारी चार माणसं थंडीत कारुइझावाच्या एका बंगल्यात एकत्र राहतायत, पहिल्या भागात जेवायला बसतात, मध्ये मोठ्या ताटात तळलेलं चिकन. दोघं जण लिंबाच्या फोडी घेऊन सगळ्या चिकनवर पिळून टाकतात. तिसरा, इएमोरी, भडकतो. का पिळलं? अरे लिंबू पिळलं तर काय झालं, चव येते. तो म्हणतो कुरकुरीतपणा गेला, आणि एकदा पिळलेलं परत काढता येत नाही. मग वाद वाढतो, आधी विचारायला हवं होतं, नुसतं विचारून पण उपयोग नाही कारण असं विचारलं की समोरच्याला हो म्हणावंच लागतं. आपण हसून हसून बेजार. आणि त्याच भागात पुढे ती चौघांतली लग्न झालेली बाई, माकी, आपल्या गायब झालेल्या नवऱ्याबद्दल सांगते. लग्नानंतर ती कायम चिकनवर लिंबू पिळायची, तो काही न बोलता खायचा. एक दिवस बाहेर एका ठिकाणी तिने त्याला मित्राबरोबर बसलेलं बघितलं, त्याला तिचा पत्ता नाही, मित्राने लिंबू पिळू का विचारलं आणि तो म्हणाला नको, मला लिंबू आवडत नाही. आणि मग बायकोबद्दल बोलताना म्हणाला की तिच्यावर प्रेम आहे माझं, पण ती आवडत नाही. दहा मिनिटांपूर्वी आपण ज्या लिंबावर हसत होतो तेच लिंबू! संपादक साहेब, असं लिहिणाऱ्याला तुमच्या पुरवणीत चार ओळी पण मिळू नयेत?

रोजच्या मालिका तिकडे नाहीत असं समजू नका. एनएचके या सरकारी पैशावर नाही तर प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या चॅनलवर १९६१ पासून सकाळची मालिका लागते, आसादोरा म्हणतात तिला, भाग पंधरा मिनिटांचा, सकाळी आठला, जाहिरात नाही. एप्रिलमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी, म्हणजे सहा महिन्यांत हीपण संपते. यातली सगळ्यात मोठी ‘ओशिन’, सुगाको हाशिदा यांनी लिहिलेली, ती अपवाद, ती एप्रिल १९८३ ते मार्च १९८४ अशी वर्षभर चालली. सरासरी रेटिंग ५२.६ टक्के आणि एका भागाला ६२.९, आजच्या कुठल्याही चॅनलवाल्याला सांगा, चक्कर येईल त्याला. सात वर्षांची पोर एका तांदळाच्या पोत्याच्या बदल्यात दुसऱ्याच्या घरी राबायला पाठवतात, मोगामी नदीतून लाकडाच्या तराफ्यावर बसून ती जाते आणि बाप बर्फातून काठाकाठाने बघत राहतो. ही मालिका साठाहून जास्त देशांत दाखवली गेली, इराणमध्ये तर प्रचंड चालली.

अलीकडची हवी असेल तर ‘तोरा नी त्सुबासा’, २०२४ ची, जपानच्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक आणि पुढे न्यायाधीश झालेल्या योशिको मिबुची यांच्या आयुष्यावर बेतलेली. जपानमध्ये बायका वकिलीची परीक्षा पहिल्यांदा पास झाल्या १९३८ मध्ये, तीन जणी, त्यातल्या या एक. मालिकेतली तोमोको युद्धात नवरा गमावून नदीकाठी एकटीच काडीत ओवलेले कोंबडीचे तुकडे खात बसलीये, ते ज्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिलेत त्यावर तिची नजर जाते आणि तिथे नवीन राज्यघटना छापलेली असते, कायद्यापुढे सगळे समान, लिंगावरून भेदभाव नाही. ती रडत रडत वाचत जाते. वर्तमानपत्रवाल्यांना तरी हा सीन आवडायला हवा!

सगळंच सोनं आहे असं नाही. शेवटच्या दहा मिनिटांत हिरोने सगळ्यांना गोळा करून भाषण ठोकायचं, मागे पियानो, ही खोड जपान्यांना आहेच, आणि विनोदी सीनमध्ये तोंडं इतकी वेडीवाकडी करतात की नवीन माणूस तिथेच बंद करतो. पैसा कमी असतो ते पण दिसतं. ठरलेला साचा असेल तर तो सोडत नाहीत, ‘मितो कोमोन’ ही मालिका १९६९ ते २०११ चालली आणि त्यात वेश बदलून फिरणाऱ्या म्हाताऱ्या सरदाराची घराण्याचं चिन्ह असलेली डबी शेवटाकडे बाहेर निघाली की सगळे खाली वाकणार हे पोराबाळांना पण माहीत असायचं. (सगळेच जपानी ड्रामे संपतात असं म्हणणाऱ्याला कोणी हे तोंडावर फेकू शकतं, पण ती सुद्धा सीझन सीझन करत चालली, असो.)

लोकांपर्यंत हे का पोचत नाही, तर दोष बराचसा जपानचाच आहे. घरचं मार्केट एवढं मोठं की बाहेर विकायची गरजच वाटली नाही, कोरियाला ती वाटली आणि त्यांनी रान पेटवलं. जपानी चॅनलांनी मिळून २०१५ मध्ये टीव्हर नावाची फुकट सेवा काढली, भाग लागल्यावर आठवडाभर बघता येतो, पण जपानच्या बाहेर बंद. गाण्यांचे हक्क, नटांच्या एजन्सींचे हक्क, एकेका मालिकेमागे दहा परवानग्या. नेटफ्लिक्समुळे थोडं बरं झालं, ‘शिन्या शोकुदो’चे २०१६ आणि २०१९ चे सीझन तिथे आले, २०२२ ची ‘फर्स्ट लव्ह’ तर बऱ्याच देशांत लोकांनी बघितली, उतादा हिकारूच्या गाण्यावरून सुचलेली, होक्काइदोच्या बर्फातली. पण आलेली मालिका पण लोकांना सापडत नाही, कारण कोणी सांगतच नाही ना, आणि तिथेच तुमचं काम येतं.

मोठा लेख नको. आठवड्याला एका मालिकेचा चौकोन द्या, तेवढा पुरे. नावापुढे भाग किती आणि एक भाग किती मिनिटांचा हे नक्की छापा, नाहीतर ‘ओशिन’पुढे २९७ आकडा बघून माणूस पळून जाईल. कोणत्या सेवेवर आहे ते पण द्या. आणि ‘मदर’वर लिहिणार असाल तर शेवट सांगू नका, ज्याने सांगितला त्याच्याशी मी आजपर्यंत बोलत नाही.

आपली,
एक नेहमीची वाचक