वर्क मेम वाढवणाऱ्याला न हसल्याबद्दल

ताई,

आभार मानायला उशीरच झाला. त्या रात्री आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या टेबलाचा इंडेक्स (ओळी झटपट सापडाव्यात म्हणून बांधायची सूची) तयार झाला आणि मी लॅपटॉप मिटून तसाच आडवा झालो. धड 'थँक यू'ही म्हटलं नाही.

तीन रात्री त्या एका टेबलाने जीव खाल्ला होता. इंडेक्स लावायचा, ताटकळत बसायचं आणि पहाटे लोक कामाला लागायच्या आत रद्द करायचा, कारण तो चालू असेपर्यंत टेबलात एक ओळ लिहिता येत नव्हती. ज्यांना विचारलं त्यातल्या एकाने 'मोठा सर्व्हर घ्या' म्हणून हात झटकले. दुसऱ्याने डॉक्युमेंटेशनची लिंक फेकली, तीही भलत्याच पानाची. हे अनुभवी लोक, बरं का.

तुम्ही फोनवर आधी एवढंच विचारलंत, "आतापर्यंत काय काय करून पाहिलंस?" मी चाचरत सांगितलं, वर्क मेम, म्हणजे क्वेरीतल्या सॉर्टसारख्या कामाला मिळणाऱ्या मेमरीची मर्यादा, ४ एमबीवरून थेट २ जीबी केलंय. पलीकडे क्षणभर शांतता. आता हसणार, म्हणून मी कान बंद करायच्या तयारीत. तुम्ही म्हणालात, "गल्ली बरोबर आहे, दार शेजारचं ठोठावलंस."

मला तिथेच अर्धा धीर आला. इंडेक्स बांधताना पोस्टग्रेस वर्क मेम नाही, मेंटेनन्स वर्क मेम, म्हणजे देखभालीच्या कामांसाठीची वेगळी मर्यादा, बघतो आणि आमच्याकडे तो मूळच्या ६४ एमबीवरच होता. तेवढ्याशा जागेत कोट्यवधी ओळींचं सॉर्टिंग मावेना, म्हणून तुकडे डिस्कवर टाकायचे आणि मग जुळवत बसायचं. टेम्प फाइलींनी डिस्क फुगताना मी तीन रात्री बघत होतो. का फुगते ते तुमच्यामुळे कळलं.

मी उत्साहात कॉन्फिग फाइल उघडली, तर थांबवलंत. "या सेशनपुरतंच सेट कर. नाहीतर ऑटोव्हॅक्यूमचा, म्हणजे टेबलांची आपोआप साफसफाई करणारा, प्रत्येक वर्कर तेवढी मेमरी मागू शकतो." मग इंडेक्स होईपर्यंत तुम्ही फोन ठेवला नाहीत. फारसं बोलणंही नव्हतं, मधूनच तुमच्या कीबोर्डची टकटक यायची. ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याला ओशाळं न करणं इतकं दुर्मीळ का असावं, कोण जाणे.

आणि एक कबुली. ते २ जीबी वर्क मेम "आधी खाली आण, प्रत्येक कनेक्शनच्या प्रत्येक सॉर्टला तेवढं मिळतं" असं तुम्ही दोनदा बजावलं होतं. मी 'हो, केलं' म्हणालो होतो. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी दुपारी केलं.