टायर सांगून ठेवले आहेत

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी रागवायचं तेवढं रागवून घ्या, मग पुढचं वाचा. आपल्या वॅगन आरचे चारही टायर बदलायचं मी ठरवलं आहे आणि आर्वीच्या दुकानात पैसेही भरून टाकले आहेत. सोमवारी दादा येऊन गाडी घेऊन जाईल. ब्रेकचं कामही तिथंच करायला सांगितलं आहे. फोनवर विचारलं असतं तर तुम्ही "नक्षी शाबूत आहे, कायले पैसे घालवतं" म्हणाले असते, आईनं मागून हो ला हो केलं असतं आणि मी गुमान फोन ठेवला असता. म्हणून पत्र. पत्राला मधेच तोडता येत नाही.

शेगावचं तुमचं नक्की झालं ते आईकडून कळलं. जा, जरूर जा. पुलगावहून रेल्वेनं जा असं मी म्हणणार होते, पण आईचे गुडघे आणि त्या स्टेशनवरच्या दादऱ्याच्या पायऱ्या आठवल्या आणि गप्प बसले. शिवाय आईला वाटेत दहादा थांबायचं असतं, पन्ह्याची बाटली काढायची असते, रसवंती दिसली की उतरायचं असतं. ते सुख आपल्याच गाडीत. गाडी विका, ड्रायव्हर ठेवा, असलं काहीही मी म्हणत नाही. गाडी तुमची, चालवणार तुम्हीच.

टायर काहून बदलून राहिली ते सांगते. दिवाळीत अंगणात बसून मी टायरच्या बाजूचा आकडा वाचला होता. लंबगोलात चार अंक असतात. आपल्या टायरवर १६१९ आहे, म्हणजे २०१९ सालच्या सोळाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी आहे हे खरं. कायद्याला १.६ मिलिमीटर लागते, आपली त्याहून पुष्कळ जास्त आहे, कारण गाडी फिरतेच किती? पण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. कडुनिंबाची सावली दुपारी सरकते आणि डाव्या बाजूची दोन्ही चाकं तीन-चार तास वैशाखाच्या उन्हात राहतात. त्याच बाजूच्या टायरला कडेनं बारीक भेगा आहेत, वाळलेली तुरीची शेंग तडकते तशा. नख फिरवून पाहा, लागतील हाताला. बऱ्याच टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर दाखवून घ्या म्हणतात आणि दहाच्या पुढे नक्षी कितीही असो, वापरू नका म्हणतात. आपण मधल्या वर्षांत आहोत हे मलाही कळतं. पण ती वर्षं विदर्भाच्या उन्हातली आहेत.

नवीन टायर बसवताना दादाला ते चार अंक वाचायला लावा. शेवटचे दोन अंक साल सांगतात. दुकानात पडून राहिलेला जुना माल नवा म्हणून गळ्यात मारू देऊ नका. या बाबतीत तुमच्यासमोर कोणाचं चालणार नाही, माहीत आहे, तरी लिहिते.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला पटणार नाही. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, हे तुमचं जुनं म्हणणं. अख्ख्या गावाचं आहे. बाबा, ते उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त दबते म्हणून जास्त तापते, आणि तापलेला टायर फुटतो. बाहेरच्या उन्हापेक्षा ही आतली उष्णता वाईट. हवा किती ठेवायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला आहे, तोच ठेवायचा. तोही सकाळी, गाडी थंड असताना. साधारण पाच-साडेपाच अंश तापमान वाढलं की हवा एक पॉइंट चढते, म्हणून सकाळी ३० असलेला टायर दुपारी पंपावर ३४ दाखवतो आणि तिथला पोरगा "जास्त आहे काका" म्हणून सोडून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २६. त्याला हात लावू देऊ नका. हवा मोजायचं मीटर दादाच्या हाती पाठवते आहे, पेनाएवढं आहे, बुशकोटाच्या खिशात राहील.

आणि पाना मारून आवाज ऐकायची तुमची सवय मला फार आवडते, पण ती एसटीच्या टायरसाठी होती. या लहान ट्यूबलेस रेडियल टायरची बाजू हवा भरपूर असली तरी थोडी फुगलेलीच दिसते. नजरेला आणि कानाला तो फसवतो.

हे लिहिताना मला आर्वीचं आगार दिसून राहिलं. सकाळच्या पहिल्या फेरीला मी तुमच्याबरोबर यायची, इंजिनच्या बोनेटवर पोतं टाकून बसवायचे तुम्ही मला. बूड भाजायचं, पण जागा सोडायची नाही मी. तुम्ही गाडीला एक चक्कर मारायचे. हवेच्या टाकीचा कॉक उघडून पाणी सोडायचे, सगळ्या दिव्यांची काच फडक्यानं पुसायचे, वायपर हातानं उचलून पाहायचे. आणि एकदा स्टिअरिंगला ढिलाई लागली म्हणून तुम्ही गाडी काढायलाच नकार दिला होता. कंडक्टर काका, तळेगावला जाणारे लोक, लग्नाचं वऱ्हाड, सगळे ओरडत होते आणि तुम्ही शांतपणे वहीत तक्रार लिहीत होते. नवीन गाडी लागेपर्यंत मला चहात बुडवून खारी खाऊ घातली. मला तेव्हा वाटलं होतं माझे बाबा साहेबांपेक्षा मोठे आहेत. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून देव्हाऱ्याशेजारी आहे, आई रोज पुसते.

परक्या लोकांसाठी रोज सकाळी मारायचे ती चक्कर आपल्या गाडीला काहून नाही मारत, बाबा? "दोनच तर माणसं आहोत" असं म्हणू नका. मला तेवढीच आहेत.

ब्रेक. आई म्हणाली, दाबला की कर्र वाजतो. तो आवाज बहुतेक पॅड संपत आल्याचा आहे. पॅडला लोखंडाची छोटी पट्टी मुद्दाम लावलेली असते, पॅड झिजला की ती चकतीला घासून ओरडते. पॅड बदलायला सांगितले आहेत, ऑइलही. तुमच्या बसला हवेचा ब्रेक होता, इथं तेलाचा आहे. हे तेल हवेतलं पाणी शोषतं, आणि मग घाटउतारावर ब्रेक तापला की ते पाणी उकळून पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी बदलायचं असतं. आपलं कधी बदललं होतं, तुम्हीच सांगा. नाही, सांगू नका, आता बदलतोच आहोत.

काम झालं की तुम्ही स्वतः तपासा, मिस्त्रीच्या भरवशावर नको. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, ते कडक होईल. मग पाय दाबूनच ठेवा आणि किल्ली फिरवा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं म्हणजे ब्रेकला इंजिनची मदत मिळते आहे. मग तसंच अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खोल जायला लागलं तर कुठंतरी गळती आहे, गाडी तिथंच सोडून या. तुम्हाला ही परीक्षा आवडेल.

बोनेट मात्र रोज उघडा. पडवीत कापूस भरून ठेवला की उंदीर येतातच, आणि रात्री त्यांना गरम इंजिनपेक्षा चांगली जागा मिळत नाही. वायरी कुरतडल्या तर एक दिवा जातो आणि संध्याकाळपर्यंत कळत नाही. त्याच वेळी कूलंटच्या डब्याची पातळी बघा. झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे हद्द झाली. वायपरची रबरं या उन्हात कडक होऊन जातात, मृगाच्या आधी बदला. दोन्ही दिवे, मागचा ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आईला मागे उभं करून पाहून घ्या. ती हात हलवून सांगेल.

आई, आता तुझ्यासाठी. बाबांच्या पायाखाली तू जुन्या सतरंजीचा तुकडा टाकला आहेस, तो काढ. स्वच्छता राहते हे खरं, पण तो सरकून पेडलखाली गेला तर? धुऊन माझ्यासाठी ठेव, मी नेईन. पाण्याची बाटली पुढं पायाशी ठेवायची नाही, घरंगळत ब्रेकखाली जाते. मागच्या सीटचे पट्टे तू कव्हरखाली खोचून ठेवले आहेस, ते बाहेर काढ. मागे बसणाऱ्यालाही पट्टा लावायचा कायदा आहे. टोचतो म्हणतेस ना, तो पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर घे, वरचा खांद्यावरून. पदर त्याच्यावरून घे, आत नको. एकदा जोरात हिसका मारून बघ, अडकला पाहिजे. डिक्कीत डाळीची पोती आणि त्याखाली स्टेपनी, हेही बदला, वं माय. स्टेपनीतली हवाही मोजा, जॅक आणि पाना वर ठेवा.

बाबा, एक विनंती राहिली आहे आणि ती लिहायला मला जड जातंय. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. समोरच्या गाडीचे लाईट डोळ्यात फुटतात असं तुम्ही मागे म्हणालात. दोष अर्धा त्या लोकांचाच आहे, अप्पर मारूनच येतात. आपली पुढची काचही इतक्या वर्षांत बारीक ओरखडली आहे. तरी सेवाग्रामला आईचे डोळे दाखवायला जालच, तेव्हा तुमचेही दाखवा, मोतीबिंदूची सुरुवात असली तर तिथंच कळेल. चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो तो लागतोच, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. संध्याकाळी तुरीच्या वावरातून रोही-नीलगाय कधी रस्त्यावर येईल सांगता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं. खरांगण्याच्या रस्त्यावरचं काही मी इथं लिहीत नाही.

शेगावची रात्र तिथंच काढा. आईची पाठ रात्रीच्या प्रवासाला साथ देत नाही. भक्तनिवासात जागा मिळते का ते दादा आधी फोन करून पाहील. पहाटे निघा, दुपारच्या आत पोहोचा. बाबांचा दुपट्टा ओला करायला एक वेगळी बाटली ठेवा.

गाडी दोन दिवस आर्वीला राहील म्हणून काळजी करू नका. बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या आणून ठेवल्या आहेत, भिंतीतल्या देवळीत, लाल डब्यात. भाजी दादा देऊन जाईल. कुलरची ताटी मी नवीन बसवायला सांगितली आहे, तेवढ्यासाठी बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. चढल्याचं कळलं तर आईला विचारून मी खरं काय ते काढते.

पैशांचा हिशेब मला विचारू नका. माझ्या बारावीच्या फीचा हिशेब तुम्ही कधी दिला होता?

तुमची
बेबी

ता. क. नवे टायर बसवल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यायचे असतात. म्हणजे शेगावच्या आधी एकदा आर्वी-वर्धा फेरी मारून घ्या. मिस्त्रीनं "गरज नाही" म्हटलं तरी आवळायला लावा, आणि बिल जपून ठेवा, मागून लागतं.