फॉर्म भरून झालाय

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रात्रीचे दोन वाजलेत. बाबांचा खोकला आत्ता कुठे थांबलाय. दहा दिवस सुट्टीवर होतो. रोज तलावपाळीवर फेरी मारताना सांगेन म्हणायचो आणि रोज नुसतीच भेळ खाऊन नौपाड्यात परत यायचो. म्हणून हे पत्र. मी दक्षिण सुदानला जातोय. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, मलाकाल नावाच्या गावी, एका वर्षासाठी. फॉर्म भरून झालाय, नावही लागलंय.

आई, रडण्याआधी पुढचं वाच. मी लढायला जात नाहीये. मलाकालला आपल्या सैन्याचा जनावरांचा दवाखाना आहे. गाई-शेळ्या तपासायच्या, लशी टोचायच्या, एवढंच. स्वयंपाकी आपलेच, त्यामुळे डाळ-भात चुकत नाही. मच्छरदाणी मिळते, मलेरियाच्या गोळ्या मिळतात. मेतकूट तेवढं दे, आणि डबा दोन पिशव्यांत बांध.

बाबा, तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. "परक्याच्या घरात बंदूक घेऊन शिरू नये, त्यांनी बोलावलं तरी." 1987 मध्ये श्रीलंकेत, जाफन्यात, शांतिसेना म्हणून गेलेल्या आपल्या जवानांच्या गळ्यात हार पडले आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याच गल्ल्यांतून गोळ्या यायला लागल्या. अकराशेच्या वर जवान गेले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तर स्वागताला मुख्यमंत्रीही आले नाहीत. हे मी सगळं वाचून शिकलो. तुम्ही सांगितलंत ते एकच, लाइट गेले होते त्या रात्री, गॅलरीत. जाफन्यात एका घराची झडती घेताना बुटांसकट देवघरापर्यंत गेलात. म्हातारी एक शब्द बोलली नाही. तुम्ही बाहेर पडून मागे पाहिलंत तर ती ओल्या फडक्याने बुटांचे ठसे पुसत होती, एकेक करून. तुकडीत कुणालाच 'वणक्कम'च्या पुढे तमिळ येत नव्हतं. "पण बूट काढायला तमिळ कशाला लागतं?" असं तुम्हीच म्हणालात आणि आत जाऊन झोपलात.

ते वाक्य गेली पंधरा वर्षं माझ्या डोक्यात आहे. म्हणून असलंच काहीबाही वाचत असतो. अफगाणिस्तानात खोस्तला 2007 मध्ये अमेरिकेच्या सैन्याने पोरांसाठी हेलिकॉप्टरमधून फुटबॉल टाकले. त्यांवर देशोदेशीचे झेंडे होते, त्यांत सौदीचाही, आणि त्या झेंड्यावर कलमा लिहिलेला. तो लाथाडायचा? लोक रस्त्यावर उतरले. आई, पुस्तकाला पाय लागला की तू आम्हाला पाया पडायला लावायचीस. तुला हे एका मिनिटात कळलं असतं, त्यांच्या एवढ्या मोठ्या कचेरीत कुणाला सुचलं नाही. सोमालियात, मोगादिशूत तर फारच वाईट झालं. 12 जुलै 1993 ला एका घरात टोळीची वडीलधारी माणसं जमली होती, त्यांतले काही समेटाच्या मताचे. अमेरिकेच्या सैन्याला तो शत्रूचा अड्डा वाटला, गावाच्या लेखी ती पंचायत होती. हेलिकॉप्टरमधून मारा झाला आणि सगळं शहर उलटलं.

मी तिथे जाऊन शहाणपणा करणार, असा दावा नाही. मलाही तिथली भाषा येत नाही. पण जनावरांच्या डॉक्टरला आधी मालकाशी बोलावंच लागतं. दक्षिण सुदानातल्या डिंका आणि न्युएर लोकांत लग्नं गाईंवर ठरतात. मुलगा वयात आला की त्याला बैल मिळतो आणि बैलाच्या रंगावरून मुलाला नाव पडतं. तिथे कुणाच्या गाईला आधी सुई टोचली, यावरूनही आपण कुणाच्या बाजूचे ते ठरू शकतं. हे निदान ठाऊक असून जातोय. बाबा, बूट काढायचे असतात हे तर तुम्हालाही ठाऊक होतं. भीती वाटली की माणूस ते विसरतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर फोनवर सांगा, रागावून सांगितलंत तरी चालेल.

आता मुकाट ऐकायचं. बाबा, बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, "आज बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. मामलेदारची मिसळ महिन्यातून एकदाच, तीही मिडियम. खोकला आठवड्यात गेला नाही तर छातीचा एक्स-रे. आई, जांभळी नाक्याहून दहा किलोची पिशवी उचलून तीन जिने चढलीस असं कळलं तर मी सुट्टी टाकून परत येईन, खरंच. ताईला दर रविवारी बोलवा. ती कटकट करते, पण करू दे.

लहानपणी बाबा ड्यूटीवर निघाले की मी त्यांच्या ट्रंकेवर बसून राहायचो, कुलूप लावू द्यायचो नाही. आई, तू मला तिळाची वडी देऊन उठवायचीस. काल ट्रंक भरताना बाबा येऊन तिच्यावर बसले. दोन मिनिटं. मला वाटतं, त्यांना कळलंय.

पाच वाजता पाणी येईल. आज पिंप मीच भरतो, तू उठू नकोस.

तुमचा,
बंड्या