पार्किंगमध्ये पाना धरायला बंदी नको, एक कोपरा द्या

मा. संपादक, स. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या सोसायटीत लिफ्टजवळ नोटीस लागली, पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायची नाही, ऑइल बदलायचं नाही, सायकल खोलायची नाही, दिसलं तर 500 रुपये दंड. मी कमिटीला जाऊन भेटलो, ते म्हणाले काका तुमचं पटतं पण फरशीवर डाग पडतात आणि लोकं आमच्याकडे येऊन भांडतात. आमच्या एकट्या सोसायटीचं असतं तर पेपरात लिहिलं नसतं, पण इथे नाशकातच पाथर्डी फाट्याला माझा भाचा राहतो तिकडे हेच, पंचवटीत मित्र आहे त्याच्याकडेही हेच, म्हणून लिहितोय.

मी अंबडला एका कंपनीत 31 वर्षं फिटर होतो, इंदिरानगरला राहतो. आपल्या सातपूर एमआयडीसीत टपारियाचा कारखाना आहे, देशात कुठल्याही गॅरेजात जा, पक्कड नाहीतर पाना त्यांचा सापडतोच. अशा गावात पोरांना दहा-अकराचा पाना कुठला आणि बारा-तेराचा कुठला ते कळत नसेल तर मला त्याचं खरंच वाईट वाटतं. आणि पोरांची चूक नाहीये, त्यांना हात लावायला जागाच कुठंय? पूर्वी वाड्यात अंगण होतं, ओट्यावर बसून वडील पंक्चर काढायचे आणि आम्ही घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे कुठून येतात ते शोधायचो. फ्लॅटमध्ये अंगण म्हणजे पार्किंगच.

गेल्या महिन्यात शेजारचा आठवीतला मुलगा सायकलचं डावं पेडल काढायला बसला होता, पंधराचा पाना लावून सगळा जोर लावतोय आणि पेडल अजून अजून घट्ट होतंय. मी त्याला सांगितलं, बाळा डाव्या पेडलचा आटा, म्हणजे दांडीवरचे पीळ, उलटा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरव म्हणजे सुटेल. लगेच विचारलं त्याने, का उलटा? मग खाली बसून दाखवलं, पेडल मारताना बेअरिंगवर जो दाब फिरत राहतो त्याने पेडलची दांडी थोडी थोडी उलट्या दिशेने सरकत असते, उजवीकडे त्याने आटा आवळला जातो, डावीकडे सरळ आटा ठेवला असता तर चालता चालता पेडल सुटून रस्त्यावर पडलं असतं. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हे त्याला शाळेत कोणी शिकवलं नसतं.

मग चेन बघितली. सायकलच्या चेनला दोन पिनांमध्ये अर्धा इंच असतो, म्हणून फुटपट्टीचा शून्य एका पिनेवर धरला की पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचावर आली पाहिजे. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली तर चेन बदलायची, एक सूत पुढे गेली तर तिने मागच्या चाकावरच्या फ्रीव्हीलचे दातेपण खाल्ले समजा, मग खर्च डबल. शाळेची बारा इंची पट्टी यासाठी चालते, वेगळं काही विकत आणायला लागत नाही.

मोटारसायकलचं पण तेच. माझ्या स्प्लेंडरचा ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट एका गॅरेजवाल्याने लांब दांडा लावून आवळला आणि आटे गेले, बोल्ट लोखंडी आणि इंजिनचं केसिंग अॅल्युमिनियमचं, मऊ धातू, तो किती सहन करणार? केसिंग खोलून नवीन आटे पाडून घ्यायला तीन दिवस गाडी बंद. तेव्हापासून ऑइल मी स्वतःच बदलतो, सतराचा पाना, नवीन वॉशर, मनगटाच्या जोराने आवळायचं आणि थांबायचं. सगळे गॅरेजवाले तसे नसतात, चांगले कारागीर आहेत नाशकात, पण संध्याकाळी सहा वाजता वीस गाड्या रांगेत असल्या की कोण कुणाचा बोल्ट जपून आवळणार.

आता कमिटीची बाजू. डाग पडतात हे खरं आहे आणि काही लोकं काळं ऑइल सरळ पावसाळी गटारीत ओततात हे मी डोळ्यांनी बघितलंय, ती गटार नासर्डी नदीला जाते आणि नासर्डी गोदावरीला, याला माफी नाहीच. ऑइल ट्रेमध्ये काढायचं, जुन्या डब्यात भरायचं आणि गॅरेजात नेऊन द्यायचं, तिथे जुनं ऑइल घेणारा येतो. चेन धुवायला पेट्रोल तर बंद पार्किंगमध्ये अजिबात वापरू नका, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीलगत साचते आणि तिथेच मीटरची खोली नाहीतर पंपाचा स्विच असतो. डिझेलने धुवा, तेसुद्धा उघड्यावर. ग्राइंडर आणि ठोकाठोकी दुपारी नको, झोपलेली माणसं असतात, हेही मान्य. पण हे सगळे नियम लावता येतात ना, सरसकट बंदी कशाला?

माझं मागणं एवढंच की प्रत्येक सोसायटीने एका गाडीची जागा सोडावी, खाली जुना फ्लेक्स नाहीतर पत्रा टाकावा, एक लाकडी टेबल, त्यावर एक शेगडा (वस्तू घट्ट धरायचा व्हाइस), भिंतीवर पाने टांगायला खिळे, रविवारी दहा ते एक. पान्यांचा सेट, अॅलन की, पक्कड, दोन पेचकस, पंप, पंक्चरचं सामान, दहा-बारा घरांनी वर्गणी काढली तर कुणाला जड जाणार नाही. आणि जिथे सोसायटीत जागाच नाही तिथे महापालिकेने उद्यानात नाहीतर समाजमंदिरात असा कोपरा द्यावा. त्र्यंबक रोडला सरकारी आयटीआय आहे, तिथल्या पोरांना रविवारी पाठवलं तर त्यांचाही हात बसेल. सायकल चालवण्यात नाशिकचं नाव आहेच, महाजन बंधूंनी 2015 साली रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा सायकल खोलायला या शहरात जागा नाही हे बरं दिसत नाही.

शिकवायला माझ्यासारखे रिटायर झालेले फिटर, टर्नर, टूलरूमवाले सिडको-सातपूरमध्ये घरोघरी आहेत, पैसे कोणी मागणार नाही, फक्त बोलवा.

त्या पोराच्या सायकलचं मागचं चाक आत्ता माझ्या बाल्कनीत खोललेलं आहे. एका बाजूला बेअरिंगचे नऊ छर्रे, दुसऱ्या बाजूला नऊ, पाव इंची, पुसून वाटीत ठेवलेत, ग्रीस आणलंय. चाक त्याच्याच हाताने बसवून घ्यायचंय आणि चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, तोपण काढायचाय. येत्या रविवारी खाली बसू की नको तेवढं कमिटीने कळवावं.

आपला,
एक निवृत्त फिटर,
इंदिरानगर, नाशिक